आठवड्याचे इंजेक्शन सुरू झाल्यावर भुकेचे नेमके काय होते?

रंकाळा_५४ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझे वय ५४ वर्षे असून मी कोल्हापुरात राहतो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी घेतो. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के आली आणि वजन ९६ किलोंवर गेले, तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे टिर्झेपेटाइड, म्हणजे मौंजारो या नावाने मिळणारे इंजेक्शन, २.५ मिग्रॅ या मात्रेत सुरू केले. दर रविवारी सकाळी पोटावर टोचून घेतो. आतापर्यंत तीन झाली.

पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशी अन्नावरची वासना अशी उडाली की अर्धी भाकरीसुद्धा संपेना. पोटाला तडस लागल्यासारखे वाटते, चार घासांतच ढेकर येतो आणि स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. (डोहाळे लागल्यासारखे करता, असे सौभाग्यवतींचे म्हणणे.) चहाची गोडी गेली आहे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना. मात्र शुक्रवार उजाडला की भूक हळूहळू परत येते आणि शनिवारी रात्री मी पूर्वीसारखाच दोन भाकऱ्या जेवतो. तिन्ही आठवडे हेच झाले. याचा अर्थ औषध मला पुरेसे लागू पडत नाही, असा घ्यावा काय?

दुसरी गोष्ट घरातली आहे. ताटात अन्न उरते म्हणून पत्नी नाराज होते, "मग मी करू तरी काय," असे विचारते आणि मला तिला उत्तर देता येत नाही. किती खाल्ले म्हणजे पुरेसे झाले, हे आता भुकेवरून कळत नाही. मग ते कशावरून ठरवावे?

जाता जाता एक नोंद करतो. गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास कार्यालयात माझे हात थरथरू लागले आणि दरदरून घाम आला. डबा अर्धा तसाच राहिला होता. टेबलाच्या खणातल्या ग्लुकोमीटरवर साखर ६४ (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) दिसली. चहा-बिस्किटे घेतल्यावर अर्ध्या तासाने बरे वाटले. इंजेक्शनमुळे येणारा अशक्तपणा असावा, असे मी धरून चाललो आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ठाण्याची_माई

मला मधुमेह नाही. वजन आणि गुडघे या दोन कारणांसाठी मी हेच औषध आठ महिन्यांपासून घेत आहे आणि सध्या ७.५ मिग्रॅवर आहे. त्यामुळे साखरेबद्दल मी काही बोलणार नाही, भुकेबद्दल मात्र बोलू शकते.

आपल्याकडे भूक आणि वखवख असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांतला फरक मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळला. पूर्वी कार्यालयात चार वाजले की स्टेशनबाहेरचा वडापाव डोळ्यांसमोर यायचा. तो खाल्ला नाही तर घरी पोहोचेपर्यंत त्याचाच विचार चालायचा आणि खाल्ला तर रात्री काय करायचे याचा विचार सुरू व्हायचा. ही वखवख माझ्या स्वभावाचाच भाग आहे, मनाचा दुबळेपणा आहे, असे मी वर्षानुवर्षे मानत आले होते. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी त्याच गाडीवरून चालत गेले आणि फलाटावर उभी राहिल्यावर लक्षात आले की वडापाव आठवलाच नाही. डोक्यातले कोणीतरी बोलायचे थांबले होते. आनंद झाला, हे खरे. पण आधी थोडी भीतीच वाटली, हेही खरे.

भूक मात्र पूर्ण गेली नाही आणि जाऊही नये. ती आता लहान आवाजात येते: थोडे डोके जड होते, थोडी चिडचिड होते. पोटात कावळे ओरडण्याची वाट पाहत बसले, तर दुपारचे तीन वाजतात आणि मग एकदम गळून जायला होते. म्हणून मी घड्याळावर जेवते. ताटाऐवजी वाट्या घेते, उसळ किंवा अंडे आधी, भाकरी नंतर आणि भात उरलेल्या जागेत. पहिला ढेकर आला की हात थांबवायचा, हा माझा एकच नियम आहे. तो मोडून लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर एक जिलेबी आणि दोन पुऱ्या जास्त घेतल्या, तेव्हा रात्रभर करपट ढेकर आणि पहाटे उलटी, असे प्रायश्चित्त मिळाले.

फोडणीच्या वासाचा त्रास मला पहिले सहा-सात आठवडे होता, नंतर गेला. प्रत्येक वेळी मात्रा वाढली की आठवडाभर परत डोकावून जातो. बद्धकोष्ठतेबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण कमी खाल्ले की ती येतेच. पाणी मोजून प्यावे आणि पेरू, दुधी, पालेभाज्या यांना ताटात जागा ठेवावी.

गोदाकाठ_एमडी

मी नाशिकमध्ये औषधवैद्यक शाखेत काम करतो. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे हे उपचार नव्हेत, समजावणे आहे. तरीही प्रश्नात जी बाब तुम्ही जाता जाता लिहिली, तिच्यापासूनच सुरुवात करणे मला आवश्यक वाटते.

मंगळवारी झाला तो इंजेक्शनचा अशक्तपणा नव्हता. साखर ७० च्या खाली गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. तुमची ६४ होती आणि थरथर, घाम ही तिची ठरलेली लक्षणे आहेत. यात मुख्य संशय ग्लिमेपिराइडवर जातो. टिर्झेपेटाइड इन्शुलिनला चालना देते ते रक्तातली साखर वाढलेली असताना. साखर खाली आली की ती चालनाही मंदावते, म्हणून एकट्या या औषधाने साखर धोकादायक पातळीला जाणे विरळ असते. ग्लिमेपिराइड असा हिशेब ठेवत नाही. तुम्ही दोन भाकऱ्या जेवलात की अर्धी, याची पर्वा न करता ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. नऊ वर्षे तुमचे जेवण आणि ती गोळी यांचे जमलेले गणित इंजेक्शनने एका बाजूने मोडले आणि दुसरी बाजू तशीच राहिली. म्हणूनच हे इंजेक्शन सुरू करताना ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन यांची मात्रा कमी करण्याचा किंवा गोळी थांबवण्याचा विचार करतात. तुमच्या डॉक्टरांनी याबाबत काही सांगितले होते काय? नसल्यास उद्याच दूरध्वनी करा. चौथे इंजेक्शन घेण्याआधी हे ठरलेच पाहिजे.

पुन्हा असे झाले तर बिस्किटे नकोत. टिर्झेपेटाइडने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि पीठ-तूप असलेला पदार्थ पोटात रेंगाळतो. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर ७० च्या वर आल्यावर मग काही खावे. दुचाकी चालवत असाल तर ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या.

आता शुक्रवारच्या भुकेविषयी. आपले आतडे जेवणानंतर जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडते, पण ते रक्तात दोनेक मिनिटांतच निष्प्रभ होते. टिर्झेपेटाइड हा जीएलपी-१ आणि जीआयपी या दोन संप्रेरकांचे काम करणारा, मुद्दाम टिकाऊ बनवलेला रेणू आहे. त्याची रक्तातील पातळी निम्मी व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. हिशेब करून पाहा: पहिल्या रविवारच्या मात्रेपैकी सातव्या दिवशी साधारण ३८ टक्के शिल्लक राहते. त्यावर दुसरी मात्रा पडते, मग तिसरी, आणि असा साठा होत होत चार-पाच आठवड्यांनी पातळी स्थिरावते. त्या वेळी आठवड्याच्या अखेरीस उरणारे औषध पहिल्या आठवड्याअखेरच्या सुमारे १.६ पट असते. म्हणजे तुमची शनिवारची भूक हे औषध हरल्याचे लक्षण नाही, साठा अजून भरला नसल्याचे आहे. शिवाय २.५ मिग्रॅ ही उपचाराची मात्रा नव्हेच. शरीराला सवय व्हावी म्हणून ती चार आठवडे देतात आणि नंतर ५ मिग्रॅवर जातात. पुढे वाढवायची झाल्यास प्रत्येक टप्प्यावर किमान चार आठवडे थांबून २.५ मिग्रॅने वाढवतात आणि १५ मिग्रॅ ही कमाल मर्यादा असते. भूक परत आली म्हणून इंजेक्शन दोन दिवस आधी टोचून घेण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा.

भूक कमी होण्याची वाटही केवळ पोटातून जात नाही. जठराची गती मंदावण्याचा परिणाम पहिल्या मात्रेनंतर सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरतो, तर मेंदूतल्या तृप्ती ठरवणाऱ्या केंद्रांवरचा परिणाम टिकून राहतो. तडस आणि मळमळ जाते आणि तरीही कमी खाणे पुरते, असा अनुभव अनेकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो तो यामुळे.

भूक कमी होणे आणि अजिबात खाता न येणे यांत मात्र भेद करा. पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी होत असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. पोटाच्या वरच्या भागात सतत तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयातील खड्यांचा विचार करावा लागतो. यांपैकी काहीही झाले तर पुढचे इंजेक्शन न घेता आधी दवाखाना गाठावा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात केली नसेल तर ती करून घ्या, कारण साखर झपाट्याने खाली आल्यावर पडद्याचा जुना विकार काही काळ बळावू शकतो.

पेठेतला_खवय्या

सर्वांची क्षमा मागून एक शंका मांडतो. भूक ही निसर्गाने दिलेली जाणीव आहे आणि ती दरमहा हजारो रुपये मोजून घालवायची, हे मला पटत नाही. आमचे आजोबा चार घास कमी जेवून ८८ वर्षे जगले. त्यांना कोणी इंजेक्शन दिले नव्हते. आणि हे औषध थांबवल्यावर काय? भूक परत येणारच ना?

ठाण्याची_माई

आपल्या आजोबांना चार घास कमी जेवून थांबता येत होते, म्हणजे त्यांच्याकडे जे उपजत होते तेच मी महिन्याला विकत घेते. यात त्यांचा मोठेपणा किती आणि नशीब किती, हे मला ठरवता येत नाही. मी वीस वर्षे चार घास कमी जेवण्याचा प्रयत्न केला. गुरुवार, चतुर्थी, नवरात्र, सगळे केले, आणि उपवास सुटला की साबुदाण्याच्या खिचडीने जे कमावले ते वड्याने गेले. खाण्यातला आनंद गेला, असेही नाही. पहिला घास आजही तितकाच चांगला लागतो. दहावा लागत नाही, एवढेच.

गोदाकाठ_एमडी

खवय्या यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड नाही. टिर्झेपेटाइडच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांत सरासरी सुमारे २१ टक्के वजन उतरल्यावर सहभागींचे दोन गट करण्यात आले. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांचे वजन पुढच्या वर्षभरात आणखी साडेपाच टक्क्यांनी उतरले. ज्यांना औषधाच्या जागी निष्क्रिय इंजेक्शन मिळाले त्यांचे मात्र १४ टक्क्यांनी वाढले. सेमाग्लुटाइड हे याच प्रकारचे दुसरे औषध थांबवणाऱ्यांनीही वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत मिळवल्याचे दिसले आहे. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो, तसेच हे आहे. म्हणून खर्चाचा विचार पहिल्या महिन्याचा करू नये, काही वर्षांचा करावा. न परवडल्यामुळे मध्येच सोडणारे रुग्ण मी पाहतो आणि त्यांची निराशाही पाहतो.

भाकरी_आणि_गणित

सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. "किती खाल्ले म्हणजे पुरेसे," या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

भूक मोजमाप म्हणून बाद झाली की प्रथिने मोजावीत, इतर गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप जमतात. वजन वेगाने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. या औषधाच्या मुख्य चाचणीत घटलेल्या वजनापैकी अंदाजे चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा होता. पन्नाशीनंतर गेलेला स्नायू सहजासहजी परत येत नाही. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. वजन उतरवताना आम्ही साधारण १ ग्रॅम धरतो, पण तेही सध्याच्या ९६ किलोंवर नव्हे, जिथे पोहोचायचे त्या वजनावर. ते ७० धरले तर ७० ग्रॅम. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

आपल्या घरातल्या भांड्यांत हे असे बसते. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत १२, तीस ग्रॅम सोयावडीत १५, एक पेला दुधात ८, मोठी वाटी दह्यात ७, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९ आणि एका ज्वारीच्या भाकरीत ४. बेरीज ६७ होते. एका ताटात हे मावणार नाही, पाच वेळांत मावते. सोमवार ते बुधवार घन पदार्थ नकोसे वाटतील तेव्हा मऊ खिचडी, पातळ पिठले, दही, घुसळलेले सातू असे घ्यावे आणि उसळ गुरुवारनंतर वाढवावी. पातळ वरणावर फार विसंबू नये, कारण त्यात पाणी जास्त आणि डाळ कमी असते, आणि जेवणाआधी वाटीभर सार प्यायले की पोट त्यानेच भरते. कोल्हापूरकर असल्यामुळे सांगते: तांबड्या रश्श्यातले मटणाचे तुकडे खुशाल खा, वरचा तवंग मात्र पहिल्या दोन महिन्यांत तुमचा वैरी आहे. आणि आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर किंवा वजने उचलणे, जे जमेल ते करावे. नुसत्या रंकाळ्याच्या फेऱ्यांनी स्नायू राखले जात नाहीत.

पत्नीला एक विनंती करावी: ताट वाढू नये, वाट्या मांडाव्यात. अर्धी वाटी उरली तर ती संध्याकाळी खाता येते. अर्धे ताट उरले की ते टाकलेले अन्न होते आणि तिथेच मन दुखावते.

रंकाळा_५४

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व.

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री कपाटातून चिठ्ठी काढली. त्यात जुनी एकत्रित गोळी बंद करून नुसते मेटफॉर्मिन लिहिलेले होते. घरात जुन्या गोळ्यांची दोन पाकिटे शिल्लक होती आणि ती संपल्यावर नवी आणावी, असा काटकसरीचा हिशेब मी केला होता. म्हणजे चूक औषधाची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना प्रत्यक्ष भेटून सर्व सांगितले, त्यांनी आधी मला आणि मग ती पाकिटे टोपलीत टाकणाऱ्या माझ्या पत्नीला पाहिले आणि फारसे काही बोलले नाहीत. त्यानंतर साखर एकदाही ९० च्या खाली गेलेली नाही. उपाशीपोटी ११० ते १२५ च्या दरम्यान असते.

पाचव्या आठवड्यापासून ५ मिग्रॅ सुरू झाले. पहिले तीन दिवस मळमळ परत आली, पण आता शुक्रवारची भूक पूर्वीसारखी मुसंडी मारत नाही. वजन ९२.५ आहे. वाट्यांची व्यवस्था घरात लागू झाली असून पत्नीने स्वतःसाठीही ती स्वीकारली आहे. गेल्या रविवारी पांढरा रस्सा केला होता. मी अर्धी वाटी घेतली आणि ती पूर्ण संपवली. चहा मात्र अजून परत आलेला नाही.

एक शेवटची शंका. पुढच्या महिन्यात बेळगावला पुतण्याचे लग्न रविवारीच आहे. त्या दिवशी पंगतीत बसायचे असल्यामुळे इंजेक्शनचा वार कायमचा बदलून बुधवार केला तर चालेल काय?

गोदाकाठ_एमडी

चालेल. दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन दिवसांचे, म्हणजे ७२ तासांचे अंतर असले पाहिजे. लग्नाच्या आधीच्या रविवारी नेहमीप्रमाणे घ्या, त्याच आठवड्यातल्या बुधवारी त्याच वेळेला किंवा त्यानंतर पुढचे घ्या आणि मग बुधवार धरून चला. पण तसे केल्यास लग्नाचा रविवार नव्या इंजेक्शनचा चौथा दिवस असेल आणि आधीची मात्राही अंगात असेल, त्यामुळे भूक कमीच राहील. पंगतीचा विचार असेल तर हा बदल एक आठवडा अगोदर उरकून घ्या आणि बदल करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

ठाण्याची_माई

आणि पंगतीत वाढप्याला "अर्धाच" असे सांगू नका, त्याला ते ऐकू येत नाही. पानावर हात आडवा धरा.